कोंबडा आरवायच्या आत

चैत्रातली सप्तमी होती, देवीच्या पालखीचा दिवस. आमच्या कोळीवाड्यातून दोन टेम्पो भरून माणसं निघाली होती. खोपोली मागे पडली, बोरघाट चढून झाला आणि कार्ल्याच्या डोंगराखाली वेहेरगावात उतरलो तेव्हा उजाडत होतं. आजीने माझं मनगट धरलं होतं. गर्दीत बोटं सुटतात, मनगट सुटत नाही, असं तिचं म्हणणं. पायथ्याशी नवसाचे कोंबडे आणि बोकड, पायऱ्यांवर गुलाल, ढोल इतके जवळ की छातीत वाजत होते. त्या रेट्यात आम्ही वर पोहोचलो. आई एकवीरेचं दर्शन झालं. शेंदूर ल्यालेली, मोठ्या डोळ्यांची आमची आई. बाहेर येताच मी शेजारी पाहिलं आणि तिथेच थांबले.

देवळाला लागून डोंगराने तोंड उघडलं होतं. घोड्याच्या नालेसारखी एक अवाढव्य कमान, तिच्याआड काळोख आणि काळोखात काहीतरी गोल, उंच, न हलणारं.

"आजी, देवीचं देऊळ एवढंसं आणि हे एवढं मोठं. हे कोणाचं?"

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आजीने पाऊल न थांबवता उत्तर दिलं, "पांडवांचा."

गोष्ट मला रात्री मिळाली, परतीच्या टेम्पोत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. पांडव वनवासात फिरत फिरत या डोंगरावर आले. देवी त्यांना दिसली. म्हणाली, एका रातीन माझा देऊल बांधा, कोंबरा आरवायच्या आत. भीमाने डोंगर फोडला, अर्जुनाने बाणाच्या टोकाने कोरला, नकुल-सहदेवांनी हत्ती-घोडे काढले, धर्मराजाने दिवा धरला. कोंबडा आरवला तेव्हा देऊळ तयार होतं. देवी प्रसन्न झाली आणि म्हणाली, अज्ञातवासात तुम्हांला कुणी ओळखणार नाही.

"पण मग देवी आत का नाही बसली? बाजूला का बसली?"

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईला येवरा मोठा घर कशाला? आपली पोरा येतान, त्यांना पावसान उभा राहायला जागा पायजे."

हे उत्तर तिने त्या क्षणी रचलं असावं. पण मला ते अजूनही फार आवडतं, आणि पुढे जे वाचलं त्यानंतर ते जास्तच आवडायला लागलं.

त्याच यात्रेत आजोबांनी केलेली एक गोष्टही लक्षात राहिली आहे. आजोबा होड्या बांधायचे. देवळाच्या गर्दीत ते फारसे रमत नसत. दर्शन उरकलं की त्या मोठ्या लेण्यात जाऊन बसायचे, आणि त्या दिवशी त्यांनी मलाही आत नेलं. आत एकदम थंड. ढोल बाहेरच राहिले. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी तो गोल, उंच स्तूप. आजोबा खाली बसले, मग चक्क पाठीवर आडवे झाले आणि छताकडे पाहत राहिले. मीही त्यांच्या शेजारी आडवी झाले.

छताला फासळ्या आहेत. लाकडाच्या. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कमानीसारख्या वाकवलेल्या, एकीमागे एक, पार स्तूपापर्यंत.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"होरी," मी म्हणाले. "उलटी."

ते हसले आणि मग बराच वेळ त्या फासळ्यांकडे बोट करून मला काहीबाही दाखवत राहिले: वाक किती सारखा आलाय, सांधा कुठे असेल, साग असणार, दुसरं लाकूड एवढं टिकायचं नाही. आणि शेवटी म्हणाले, "पण या फासल्या भार घेत नायत. वर सगला दगूर. दगराला लाकराची गरज काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं नाही. मला मिळालं, पण ते गेल्यानंतर.

पुण्यात नोकरीला लागल्यावर मी रविवारच्या एका वर्गात ब्राह्मी लिपी शिकले. कारण मोठं नव्हतं. मैत्रीण जात होती म्हणून गेले. सहा-सात रविवारांत अक्षरं लागायला लागली. ब्राह्मी ही सरळ स्वभावाची लिपी आहे: 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ग' म्हणजे टोकदार टोपी, 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ. एका रविवारी शिक्षकांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि म्हणाले, वाचा. आम्ही अडखळत वाचली:

वेजयंतितो सेठिना भूतपालेन सेलघरं परिनिठपितं जंबुदीपम्हि उतमं.

वैजयंतीहून आलेल्या भूतपाल शेठने हे शैलघर पुरं केलं, जंबुद्वीपात उत्तम असं. "ही ओळ कुठे आहे माहीत आहे का? कार्ल्याला. ओसरीच्या भिंतीवर."

मी वहीत ती ओळ उतरवत होते तो हात थांबला. ज्या ओसरीत आजी मला दरवर्षी पाणी पाजायची, तिच्या भिंतीवर हे होतं. आम्ही तिला टेकून बसायचो.

पुढच्याच शनिवारी गेले. यात्रेचे दिवस नव्हते, श्रावण होता, डोंगर हिरवा आणि ओला. मळवली स्टेशनावर उतरले. समोरच्या अंगाला लोहगड-विसापूर ढगात होते, त्यांच्या कुशीत भाज्याची लेणी. वर पोहोचेपर्यंत पावसाने चिंब झाले होते. हातात शिलालेखांच्या वाचनाच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या. मी खांबांच्या रांगेत उभी राहिले आणि एकेक वाचायला लागले.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगायला हवं. पांडवांच्या गोष्टीत पाच माणसं आहेत. पाचही राजपुत्र. दगडावर मात्र गावंच्या गावं उभी होती. एका खांबावर लिहिलंय, धेनुकाकटचा यवन सिहधय, त्याचं दान. दुसऱ्या खांबावर यवन यसवधन. यवन म्हणजे ग्रीक मुळाचे किंवा पश्चिमेकडून आलेले लोक, पण नावं बघा, यशवर्धन! धेनुकाकट हे गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं आजवर एकमत नाही, पण तिथली माणसं इथे खांबाखांबावर आहेत. एका दाराचं दान गंधिक सिहदताने केलं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने. घुणिकाची आई असलेल्या एका भिक्खुणीने कठडा दिला आणि तो नंदिकाने घडवला, असंही कोरलेलं आहे. ही बाई संसार सोडून भिक्खुणी झाली, तरी दगडावर ती घुणिकाची आईच राहिली. बाहेर डावीकडे जो सिंहस्तंभ उभा आहे, वर चार सिंह असलेला, तो महारठी अगिमित्रणकाचं दान. 'महारठी' हा शब्द उच्चारून पाहा. आपल्या मुलुखाच्या नावाची मुळं शोधणारे अभ्यासक इथेच येऊन थांबतात.

आणि दाराजवळ ते नाव होतं. धेनुकाकटचा सामि, वेणुवासाचा मुलगा, वढकि. त्याने घराचं मुख केलं, म्हणजे दर्शनी दार.

वढकि म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. दोन हजार वर्षांत शब्दाने फक्त एक ककार गाळला आहे.

मी त्या अक्षरांसमोर किती वेळ उभी होते ते आठवत नाही. दाते सगळीकडेच आपली नावं लिहून ठेवतात. कारागिराचं नाव, आणि तेही बापाच्या नावासकट, दगडावर राहणं ही वेगळी गोष्ट आहे. दगडाच्या डोंगरात सुतार काय करत होता? त्या क्षणी मला आजोबांच्या प्रश्नाचा धागा सापडला.

आधी ही देवळं लाकडाचीच असत. मोकळ्या जागेवर, खांब रोवून, वर वासे वाकवून बांधलेली. ती सगळी कुजून गेली. त्यांची नक्कल डोंगरात कोरली गेली म्हणून आपल्याला ती माहीत आहेत. समोरच्या भाज्याच्या चैत्यात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, ही आठवण आणखी ताजी आहे. ते लेणं कार्ल्याहून जुनं, इसवी सनाआधीच्या दुसऱ्या शतकातलं. तिथले खांब आत झुकलेले आहेत. लाकडी खांब छताच्या रेट्याला तोंड देण्यासाठी असे झुकवावे लागतात. दगडात त्याची गरज शून्य, तरीही झुकवले. त्याचा दर्शनी भाग लाकडाचाच होता, तो गेला, आता फक्त खोबण्या उरल्यात. पिढ्या उलटल्या तसा दगड लाकडाला विसरत गेला. कार्ल्याला खांब सरळ उभे राहिले, त्यांच्या तळाशी कुंभ आले, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्या पाठीवर जोडपी बसली. पण छताच्या फासळ्या सोडायला मन झालं नाही. त्या त्यांनी खऱ्या सागाच्या करून बसवल्या. त्यातल्या बऱ्याच मूळच्याच आहेत असं मानतात. स्तूपावरची छत्रीही लाकडाची, तीही जुनी.

म्हणजे त्या फासळ्या भार घेत नाहीत हे आजोबांचं म्हणणं बरोबर होतं. घर कसं दिसतं याची ती आठवण होती. भार घेणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं.

आकडे सांगते, कारण ते लेण्याच्या आत उभं राहूनच कळतात. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट आणि उंचीही जवळपास तेवढीच. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सजवलेले खांब, आणि स्तूपाच्या मागे सात साधे, अष्टकोनी, ना तळाला कुंभ ना माथ्याला हत्ती. मागच्या बाजूला कुणाचं लक्ष जाणार नाही म्हणून ते साधे ठेवले असतील, किंवा पैसे संपले असतील. मला ते सात खांब सगळ्यांत जवळचे वाटतात. स्तूपाला प्रदक्षिणा घालताना माणूस एकदम काळोखात शिरतो आणि त्या सात खांबांमधून पुन्हा उजेडात येतो.

हे सगळं वरून खाली कोरत आणलेलं आहे. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब, शेवटी जमीन. परांची लागत नाही, पण चूक दुरुस्त करायची सोय नसते. हे काम पिढ्यांचं. आजी म्हणायची एका रात्रीत, आणि त्या दिवशी मला क्षणभर तिचा रागही आला. इतक्या माणसांची इतकी वर्षं तिच्या गोष्टीने एका रात्रीत गुंडाळली होती. यवन, गंधिक, सुतार, घुणिकाची आई, सगळी पुसून टाकून पाच राजपुत्र तिथे बसवले होते.

तो राग फार टिकला नाही. भूतपालाच्या ओळीनेच तो उतरवला. 'जंबुद्वीपात उत्तम.' अंगावर येईल एवढं सुंदर लेणं आहे, पण असा डांगोरा दगडावर पिटायचा? आणि आत इतक्या जणांची नावं असताना ओसरीत एकट्याचं नाव, 'मी पुरं केलं' म्हणून? पुरं केलं हे खरं असेल, शेवटचे आणि सर्वांत जास्त पैसे त्याचे असतील. वैजयंती म्हणजे आजचं कर्नाटकातलं बनवासी. तिथून इथवर येऊन त्याने हे केलं, याबद्दल मला आदरच आहे. पण ती ओळ वाचताना जाणवतं की शिलालेखाचीही एक आख्यायिका असते. शेठजींनी स्वतःची लिहवून घेतली, पांडवांची लोकांनी रचली. दोन्हींत खालची माणसं दिसेनाशी होतात. फरक इतकाच की शिलालेखाच्या वेळी कुणीतरी सामि वढकिचंही नाव कोरून ठेवलं.

आणखी एक खांब आहे. सोपारकचा सातिमित, धम्मुत्तरीय या बौद्ध पंथाचा भाणक, त्याने 'ससरिरो थभो', म्हणजे अस्थिधातू ठेवलेला खांब दिला. खांबावरच्या कमळात त्यासाठी खोबण आहे. सोपारक म्हणजे आपलं नालासोपारा, तेव्हाचं मोठं बंदर. आणि भाणक म्हणजे ज्याचं काम तोंडपाठ म्हणणं हे. बुद्धवचन लिहून ठेवण्याआधी कित्येक पिढ्या या भाणकांच्या गळ्यात राहिलं. मी ते वाचलं आणि मला टेम्पोतली आजी आठवली, डोकं मांडीवर, वर तिचा आवाज. किनाऱ्यावरून घाट चढून वर आलेली, गोष्ट तोंडपाठ असलेली माणसं. सोपाऱ्यापासून कल्याण, तिथून बोरघाट, घाटमाथ्यावर हे लेणं. याच वाटेने व्यापारी वर जायचे, याच वाटेने आमचे टेम्पो जातात.

पावसाळ्याबद्दल थोडं. चैत्याच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या वर, उषवदाताचा लेख आहे. हा नहपानाचा जावई; नहपान म्हणजे क्षहरात घराण्यातला क्षत्रप, शक सत्ताधीश. स्वतःच्या दानांची मोठी यादी तो देतो: तीन लाख गायी, सोळा गावं, बरंच काही. पण महत्त्वाचं शेवटी येतं. वलुरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या, इथे वर्षावास करणाऱ्या चारही दिशांच्या संघासाठी त्याने करजिक गाव दिलं. वलुरक हे या जागेचं जुनं नाव. 'लेणवासिनं' हा शब्द जसाच्या तसा आहे. आपण म्हणतो ते लेणं तेच, दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिलेलं.

पावसाचे महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं. आमच्याकडेही पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही. त्या काळात आजोबा जुन्या होड्यांच्या फासळ्या बदलायचे, सांध्यांत काथ्या ठोकायचे आणि सगळे पुरुष घरात असल्यामुळे संध्याकाळी गोष्टी चालायच्या. लेण्यातही त्या महिन्यांत तसंच असणार. बाहेर मावळातला धो धो पाऊस, आत माणसं, आणि गळ्यातून गळ्यात जाणारे शब्द. माझ्या आजीने न कळत सांगितलेलं खरंच होतं की. पोरांना पावसात उभं राहायला जागा पाहिजे.

पुढे सातवाहनांनी नहपानाचा मोड केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. इतका कडवा विजय. पण कार्ल्याच्या भिंतीवर सातवाहनांचाही लेख आहे, आणि त्यात त्याच भिक्खूंना तेच करजक गाव पुन्हा दिलेलं आहे, 'मामालाहारे', म्हणजे मामाल नावाच्या प्रांतात. मामाल म्हणजे मावळ. करंजगाव आजही मावळात आहे. राजे बदलले, शिक्के बदलले, भिक्खूंच्या भाताचं गाव बदललं नाही.

मग भिक्खू गेले. एकदम नाही. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, जुन्या जोडप्यांच्या मधल्या जागेत, कधी जुनं कोरीव काम तोडून. आधीच्या लोकांनी बुद्धाची मूर्ती केलीच नव्हती, त्यांना स्तूप पुरेसा होता. म्हणजे लेण्यातल्या लेण्यातही देव बदलला. नंतर हळूहळू कुणी उरलं नाही. अक्षरं होती, पण ब्राह्मी वाचणारा कुणी नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ही लिपी पुन्हा उलगडेपर्यंत भूतपाल, सामि, सातिमित सगळे मुके होते. त्या सगळ्या शतकांत इथे कोण येत होतं? आमच्यासारखेच लोक. कोळी, आगरी, देवीची पोरं.

देवी आधी की लेणं आधी, या वादात मला फारसं पडायचं नाही, पण धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव, इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी जे सुचवलं ते मनात घर करून बसलं आहे. घाटाच्या वाटा, पाऊलवाटांचे चौक आणि मातृदेवतांची ठाणी या तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात. भिक्खू अशाच ठिकाणी येऊन राहिले असावेत, देवीच्या शेजाराला. जुन्नरच्या एका लेखात डोंगराचं नाव मानमुकुड आहे आणि तिथल्या देवीला आजही मानमोडी म्हणतात. नावं टिकतात. वेहेरगावातलं 'वेहेर' हे विहारच. तिथल्या लोकांना विहार म्हणजे काय ते कधीचं माहीत नव्हतं, पण गावाचं नाव त्यांनी सोडलं नाही. मावळही सोडलं नाही. लेणंही सोडलं नाही. माणसं विसरली ते शब्दांनी सांभाळलं.

एकवीरेचं देऊळ जिथे आहे, तिथे कधी दुसरा सिंहस्तंभ असावा असं अभ्यासक म्हणतात. डावीकडे एक आहे, तर उजवीकडेही असणार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अपराधी वाटलं. आमच्या आईने कुणाची तरी जागा घेतली होती. आता तसं वाटत नाही, पण तो स्तंभ तिथे नाही याचं दुःख आहे, आणि ते दुःख मला लपवायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मी दर चैत्रात आईसमोर नारळ फोडते आणि त्या रिकाम्या जागेचाही विचार करते.

मागच्या एका भेटीत स्तूपासमोर एक कुटुंब बसलं होतं. पांढऱ्या कपड्यांत. आजी, सून, दोन मुलं. वंदना म्हणत होते. हलका आवाज होता, पण त्या कमानीखाली तो भरून राहिला. बाहेर कुणाच्या तरी नवसाचा ढोल चालू होता. वंदना संपल्यावर त्या आजींशी बोलणं झालं. त्या देहूरोडच्या. तिथल्या विहाराबद्दल त्या अभिमानाने सांगत होत्या. २५ डिसेंबर १९५४ला बाबासाहेबांनी स्वतः तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली होती, नागपूरच्या दीक्षेच्या जवळपास दोन वर्षं आधी. त्यांच्या सासऱ्यांनी तो दिवस पाहिला होता. त्यांना इथे काय काय लिहिलंय ते ऐकायचं होतं. मी त्यांना खांबाखांबांपाशी नेलं आणि वाचून दाखवलं. सिहधय. यसवधन. सातिमित. त्या प्रत्येक नावानंतर तेच नाव हळूच स्वतःशी म्हणत होत्या. दाराशी आल्यावर मी सामिचं नाव वाचलं. त्या म्हणाल्या, "सुतार होता? आमच्याकडे दाराला हात लावल्याशिवाय कुणी आत जात नाही." आणि त्यांनी दगडी दाराच्या बाजूला तळहात टेकवला. नातवालाही टेकवायला लावला.

त्या रात्री मी घरी फोन केला. आजी आता नव्वदीला टेकलीय, कानाला कमी ऐकू येतं, पण आवाज तसाच खणखणीत आहे. मी तिला सगळं सांगितलं, मोठ्याने, शब्द तोडून तोडून. यवन, गंधिक, भिक्खूंचा पावसाळा, आजोबांच्या फासळ्यांचं कोडं कसं सुटलं ते. ती 'हां, हां' म्हणत राहिली. तिला किती पटलं ते कळेना. शेवटी मी सुताराचं सांगितलं. सामि, वेणुवासाचा पोरगा.

"त्याचा नाव लिवलंय?" तिने विचारलं.

"हो. दगडावर. बापाच्या नावासकट."

"बरा केला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

या चैत्रात भावाच्या मुलीला घेऊन आम्ही गेलो. आजी येऊ शकली नाही, तिच्या नावाने ओटी भरली. घरी परतल्यावर ती पोर आजीच्या अंथरुणात शिरली आणि तिने तोच प्रश्न विचारला, जो तिच्या आत्याने विचारला होता. मी दारात ओल्या साड्या वाळत घालत होते. आतून आजीचा आवाज येत होता. पांडव आले वनवासान. देवी म्हनाली, एका रातीन देऊल बांधा. भीमानी डोंगर फोरला, अर्जुनानी कोरला, धर्मानी दिवा धरला.

"मग दरवाजा कोणी केला?" पोरीने विचारलं.

"दरवाजा वेणुवासाच्या पोरान केला," आजी म्हणाली. "सामी त्याचा नाव. सुतार होता. त्यान पांडवांना सांगितला, तुमी दगूर फोरा, लाकराचा काम माझा. न फासल्या वाकवल्यान, येक येक करून, होरीच्या वाकवतान तशा. न दरवाजा लावलान. कोंबरा आरवायच्या आत."